जुन्या बाईकचा फोर्क: कडक स्प्रिंग टाकायच्या आधी मोबाईल काढा आणि मोजा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शोरूमसमोर गर्दी झाली, नव्या किमतींचे रील्स फिरले. त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्यावर फारसं कुणी बोललं नाही. गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर आता सरसकट १८ टक्के कर आहे. म्हणजे ज्यांना नवी बाईक घ्यायची नाही किंवा परवडत नाही, त्यांच्यासाठीही या बातमीत काहीतरी आहे.

दुसरी बातमी ऑक्टोबर २०२५ ची. मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यावर जबाबदारी टाकणारा हा आदेश महत्त्वाचाच आहे. पण भरपाई मिळते ती पडल्यानंतर. पडायच्या आधी खड्डा आणि आपण यांच्यामध्ये असतो तो बाईकचा पुढचा फोर्क. आणि तो जर बारा-पंधरा वर्षांचा असेल, तर त्याच्या आतल्या दोन स्प्रिंगांकडे आजपर्यंत बहुतेक कुणी पाहिलेलंसुद्धा नसतं.

म्हणून आज फोर्क स्प्रिंगबद्दल बोलू. ती काय करते, जुनी झाल्यावर तिचं नेमकं काय होतं, "कडक स्प्रिंग टाक, बाईक मक्खन होईल" हे किती खरं, आणि हातातल्या मोबाईलने हे कसं तपासायचं.

फोर्क तपासतं कोण?

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. या १५ वर्षांत पीयूसी ठरावीक काळाने काढावी लागते, पण तिथे फक्त धूर तपासला जातो. ब्रेक, टायर, शॉकअप यांच्याकडे कुणी बघत नाही. १५ वर्षं झाली की पुनर्नोंदणीच्या वेळी गाडीची तपासणी होते, आणि पुढे दर पाच वर्षांनी. त्याची फीही वाढली आहे. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला एप्रिल २०२२ पासून १००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांहून जुन्या मोटरसायकलींना २००० रुपये.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याहून लहान दुचाकींना किमान सीबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक बाईकना यातलं काहीच नाही. जुन्या स्प्लेंडर, पॅशन, पल्सर, युनिकॉर्न यांच्यावर रोज लाखो लोक कॉलेजला, कामावर जातात. अशा बाईकवर जोराचा ब्रेक लावताना पुढचं चाक रस्त्याला चिकटून राहायला हवं, आणि ते काम फोर्क करतो. मागे इलेक्ट्रॉनिक मदत नाही. त्यामुळे मी फोर्कला आरामाची वस्तू मानत नाही. माझ्या दृष्टीने तो ब्रेकचाच एक भाग आहे.

आत काय असतं?

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या बाईकना साधा टेलिस्कोपिक फोर्क असतो. दोन्ही बाजूंना एकेक नळी, तिच्यात एक लांब स्प्रिंग आणि थोडं ऑइल. स्प्रिंग वजन पेलते आणि दणका साठवते. ऑइल बारीक छिद्रांतून जाताना ती साठलेली ऊर्जा खाऊन टाकतं, म्हणून बाईक चेंडूसारखी उड्या मारत राहत नाही. याला डॅम्पिंग म्हणतात. स्प्रिंग आणि ऑइल ही जोडी आहे. एकाला बदललं की दुसऱ्यावर परिणाम होतोच.

स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे तिला एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो. तो ठरतो तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर. यात तारेची जाडी सगळ्यात भारी पडते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ४ मिलिमीटरची तार ४.२ केली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर स्प्रिंग जवळपास २२ टक्क्यांनी कडक होते. म्हणून दुकानात दोन स्प्रिंगा डोळ्यांना सारख्या दिसल्या तरी त्या सारख्या असतीलच असं नाही.

स्प्रिंग "मऊ" होते का?

गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतं, "दादा, स्प्रिंगा मऊ झाल्यात." खरं तर पोलादी स्प्रिंगचा कडकपणा वर्षानुवर्षं जवळपास तेवढाच राहतो. कमी होते ती तिची लांबी. सतत दाबली गेल्याने ती हळूहळू आखडते. आपण म्हणतो ना, "शॉकअप बसलेत", तो शब्द अगदी बरोबर आहे. स्प्रिंग खरोखरच बसते. म्हणूनच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्प्रिंगची मोकळी लांबी आणि किती आखडली की बदलायची याची मर्यादा दिलेली असते.

लांबी कमी झाली की प्रीलोड कमी होतो. स्प्रिंग नळीत बसवताना ती थोडी दाबूनच बसवतात, त्या दाबाला प्रीलोड म्हणतात. तो गेला की बाईक आधीच खाली बसलेली असते आणि खड्ड्यासाठी लागणारी हालचाल फुकट संपलेली असते.

आणि स्प्रिंग एकटी म्हातारी होत नाही. ऑइल काळं आणि पातळ होतं, थोडं गळून जातं. बुश झिजतात. बाईक उड्या मारत असेल तर दोष बहुतेकदा ऑइलचा असतो, स्प्रिंगचा नाही.

मोजायचं कसं? सॅग चाचणी

तुम्ही बसल्यावर फोर्क किती खाली दबतो त्याला सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या बाईकसाठी फोर्कच्या एकूण हालचालीच्या साधारण २५ ते ३३ टक्के सॅग ठीक मानतात. हालचाल १३० मिलिमीटर असेल तर ३३ ते ४३ मिलिमीटर. याला लागतं काय? मोजपट्टी, दोन मित्र आणि मोबाईल.

१. बाईक डबल स्टँडवर लावा. एकाने मागून दाबून पुढचं चाक हवेत आणायचं. फोर्क पूर्ण सुटला की धूळ-सीलपासून वरच्या टी-पर्यंतची चकाकती नळी मोजा. ही पहिली लांबी.

२. बाईक खाली घ्या. हेल्मेट, सॅक, नेहमीचा सगळा सरंजाम घेऊन बसा. एका मित्राने मागून सरळ धरायचं. दुसऱ्याने पुढून फोर्क खाली दाबून हळूच वर येऊ द्यायचा. जिथे थांबेल तिथे मोजा. ही दुसरी लांबी.

३. आता हँडल थोडं वर उचलून हळूच खाली येऊ द्या आणि पुन्हा मोजा. ही तिसरी लांबी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या लांबीची सरासरी काढून ती पहिल्या लांबीतून वजा करा. उरला तो तुमचा सॅग. दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये खूप फरक असेल तर फोर्क आत कुठेतरी अडकतोय. सील घट्ट आहे, बुश गेलाय किंवा नळी वाकलीय. तिथे नवी स्प्रिंग काही करू शकत नाही.

मी माझी २००९ ची पल्सर अशीच मोजली. पहिली लांबी १६२, दुसरी १०६, तिसरी ११४. तिसरी दुसरीपेक्षा जास्तच यायला हवी हे लक्षात ठेवा: दाबून सोडल्यावर फोर्क खालीच थांबतो, म्हणून नळी कमी दिसते, उचलून सोडल्यावर तो वर थांबतो. सरासरी ११० आली, म्हणजे सॅग ५२ मिलिमीटर. हालचाल १३० धरली तर ४० टक्के. फोर्क उघडला तेव्हा जुनी स्प्रिंग नव्या कंपनी-स्प्रिंगपेक्षा १४ मिलिमीटर आखूड निघाली. नवी जोडी आणि नवं ऑइल टाकल्यावर सॅग ३९ वर आला, म्हणजे बरोबर ३० टक्के.

मोबाईलचा दुसरा उपयोग स्लो मोशनचा. मित्राला बाजूने फोर्कचा व्हिडिओ काढू द्या. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबा आणि सोडा. फोर्क वर येऊन लगेच स्थिरावला तर डॅम्पिंग चांगलं आहे. वर-खाली, वर-खाली असं दोन-तीनदा झुलला तर ऑइलचं काम उरकून घ्या. नुसत्या डोळ्यांना हे चटकन दिसत नाही, १२० फ्रेमच्या व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲपही वापरता येतं. ते मोबाईलमधल्या सेन्सरने हादरे मोजतं. काम करून घेण्याआधी आणि नंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, मोबाईल त्याच जागी घट्ट ठेवून नोंद घ्या आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघा. फक्त मोबाईल हँडलच्या होल्डरला लावू नका. मोटरसायकल इंजिनाच्या तीव्र कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता.

कडक स्प्रिंगचा हिशोब

आता मुद्द्याचं. समजा फोर्कवर ८० किलो भार आहे आणि दोन्ही स्प्रिंगा मिळून एक मिलिमीटर दाबायला १.२ किलोचा जोर लागतो. साधा ब्रेक मारल्यावर पुढे आणखी ४५ किलो भार आला असं धरू. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र स्पष्ट होतं.

- बसलेली जुनी स्प्रिंग: सॅग ५२, ब्रेकमुळे आणखी ३७. खड्ड्यासाठी उरले ४१ मिलिमीटर.
- नवी, पण कंपनीच्याच मापाची स्प्रिंग: सॅग ३९, ब्रेकमुळे ३७. उरले ५४.
- एक तृतीयांश जास्त कडक स्प्रिंग, प्रीलोड जुळवून: सॅग ३८, ब्रेकमुळे २८. उरले ६४.

नीट बघा. एकूण फायदा २३ मिलिमीटरचा आहे. त्यातले १३ मिलिमीटर साध्या, मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगनेच परत मिळाले. हे काही शे रुपयांचं काम. उरलेल्या १० मिलिमीटरसाठी कडक स्प्रिंग लागते, आणि बाहेरून मागवलेल्या किटचा खर्च हजारांत जातो.

शिवाय त्या १० मिलिमीटरची किंमत फक्त पैशांत नसते. स्प्रिंग एक तृतीयांशाने कडक झाली आणि ऑइल तेच राहिलं, तर स्प्रिंगच्या मानाने डॅम्पिंग साधारण १३ टक्क्यांनी कमी पडतं. फोर्क उसळायला लागतो. मग लोक जाड ऑइल टाकतात. साध्या फोर्कमध्ये छिद्रं ठरलेल्या मापाची असतात, आणि दणका जितका वेगाने बसतो तितका ऑइलचा विरोध झपाट्याने वाढतो. जाड ऑइलने बारीक, धारदार खड्ड्यावर फोर्क क्षणभर दगडासारखा होतो आणि सगळा दणका मनगटात येतो. "कडक स्प्रिंग टाकली आणि बाईक आणखीनच आपटते" ही तक्रार इथून येते.

याच हिशोबातून एक फुकटचा धडा निघतो. ब्रेक दाबलेला असताना खड्ड्यात गेलात तर फोर्कचे ३७ मिलिमीटर आधीच खर्च झालेले असतात. खड्डा चुकवता येत नसेल तर त्याच्या आधी वेग कमी करा आणि चाक आत जाण्याच्या क्षणी पुढचा ब्रेक सोडा. कुठलाही पार्ट न घेता मिळणारं हे सगळ्यात मोठं अपग्रेड.

मग कडक स्प्रिंग घ्यायची कुणी?

नव्या मूळ स्प्रिंगा आणि नवं ऑइल टाकूनही सॅग ३५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तुमचं स्वतःचं वजन ९०-१०० किलोच्या पुढे असेल, किंवा घाटात जोरात ब्रेक मारताना फोर्क तळाला आपटत असेल, तर कडक स्प्रिंगचा विचार जरूर करा. मागे बसणाऱ्यासाठी किंवा मागे टांगलेल्या सामानासाठी पुढची स्प्रिंग कडक करण्यात अर्थ नाही. तो भार मुख्यतः मागच्या शॉकअपवर जातो. दुधाचे कॅन लावलेली बाईक पुढून हलकी होते, जड नाही.

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगही मिळते. तिचे वेढे एका बाजूला जवळजवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब असतात, म्हणून ती सुरुवातीला मऊ आणि पुढे कडक होत जाते. शहरात आरामदायक वाटते. पण तुमचा सॅग माहीत नसेल, तर कुठल्या टप्प्यावर ती कडक होणार हे नशिबावर सोडल्यासारखं आहे.

हे जुगाड टाळा

स्प्रिंगवर वायसर किंवा पाईपचा तुकडा ठेवून प्रीलोड वाढवतात. योग्य मापात हे चालतं, पण याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त बाईक वर उचलली जाते. जास्त तुकडे घातले तर फोर्क सुटताना वर आपटतो, आणि पूर्ण दाबल्यावर वेढ्याला वेढा टेकून फोर्क मध्येच थांबू शकतो.

स्प्रिंगचे दोन वेढे कापून ती कडक करणं हे दुसरं जुगाड. वेढे कमी झाले की कडकपणा वाढतो हे खरं, पण लांबी जाते आणि कापलेलं टोक नीट बसत नाही.

तिसरं म्हणजे मापापेक्षा जास्त ऑइल भरणं. ऑइलच्या वरची हवा दाबली गेल्यावर तीही स्प्रिंगसारखी वागते. ऑइल जास्त झालं की हवेला जागा उरत नाही, शेवटी फोर्क ताठ होतो आणि सील फुटते. मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच भरा, दोन्ही बाजूंना सारखं. इंजिन ऑइल तर नकोच. आणि १०डब्ल्यू, १५डब्ल्यू हे आकडे दोन कंपन्यांमध्ये तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून कंपनी बदलताना फक्त आकड्यावर जाऊ नका.

कायद्यात बसतं का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेला बदल केल्यास कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आतली झिजलेली स्प्रिंग मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगने बदलणं ही सरळ दुरुस्ती आहे. दुसऱ्या बाईकचा जाडजूड उलटा फोर्क बसवणं ही वेगळी गोष्ट. तिथे वळण, ब्रेक, चाक सगळंच बदलतं, आणि विम्याचा दावा करताना प्रश्न उभा राहू शकतो.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

हे काम घरी करू नका. फोर्कचं वरचं बोल्ट स्प्रिंगच्या दाबाखाली असतं आणि सुटताना तोंडावर उडू शकतं. मेकॅनिकला चार गोष्टी सांगा. दोन्ही स्प्रिंगा एकदमच बदलायच्या. जुनी आणि नवी शेजारी ठेवून फोटो काढायचा. ऑइल मोजपात्राने मोजून भरायचं. सील, बुश आणि नळीचा सरळपणा बघायचा, आणि हँडलचा कोन सेटही तपासायचा, कारण तो सैल असेल तर त्याची खडखड फोर्कची वाटते.

नवी बाईक स्वस्त झाली हे चांगलंच आहे. पण उद्या सकाळी रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक बाईक जुन्याच असणार आहेत, आणि १५ वर्षं त्यांचा फोर्क तपासणारा माणूस फक्त त्यांचा मालक असतो. या रविवारी दोन मित्रांना बोलवा, तीन लांब्या मोजा आणि आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. स्प्रिंग कुठली घ्यायची, किंवा घ्यायची की नाही, हे तो आकडाच सांगेल.